बिनझिरीची बेल

सुमैराने कटर बंद केला तेव्हा तिच्या पापण्यांवरसुद्धा चुना बसला होता. पण बेलच्या बटणाच्या बॉक्ससाठी भिंतीत पाडलेलं भोक कसं, सुरीनं खरवस कापावा तसं! भिंगारच्या या घराचा गिलावा जुना, चुन्याचा. हात जरा जड पडला की हातभर पोपडा खाली. सुमैराने जास्तीची एक कपची पाडली असेल तर शपथ.

खाटेवरून गहिनीनाथ बघत होते. कमरेखालचं अंग गेलेलं, पण नजर अजून गवंड्याचीच.

"हात गोड हाय पोरी तुझा. ह्यो गिलावा मीच केल्ता. आता झिरी कुठून नेतीस?"

सुमैरा भोकातला चुना झटकू लागली. वायर न्यायची तर बॉक्सपासून छतापर्यंत भिंतीत झिरी पाडावी लागते, हे गवंड्याला का कुणी शिकवायचं? आणि आल्या आल्याच त्यांच्या सुनेनं, अश्विनीताईंनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "नुसता बॉक्स बसव, वर बटण लाव. वायर-बियर नको. नेवाशाहून नणंदबाईंचा हुकूम सुटलाय, मामांच्या उशाशी बेल पाहिजे म्हणे. फोटो पाठवला की मिटलं."

अश्विनी दारातूनच म्हणाली, "झिरी कशाला, मामा? आता सगळं वायफायवर. बेल माझ्या मोबाईलमध्ये वाजणार."

"मग भिंत कशापायी फोडली?"

"बॅटरी बसते ना आत!"

म्हातारा सुमैराकडे वळला. "व्हय गं पोरी?"

तिच्या हातात बॉक्स होता. रिकामा.

"व्हय, बाबा."

"बघा! लई पुढं गेलं जग."

बटण बसलं. अश्विनीनं मोबाईल धरला. "बोट ठेवा त्यावर. हां, हसा."

"थांब की, टोपी घालू दे."

टोपी घालून त्यांनी बटण दाबलं. टक.

"वाजली बरं का!" अश्विनी ओठ दाबत म्हणाली, फोटो काढला आणि आत गेली.

गहिनीनाथ हळूच सुमैराला म्हणाले, "सारखी न्हाई दाबायचो मी. तिलाबी कामं असत्यात."

सुमैरा हात धुवायला स्वयंपाकघरात आली. फोटो नेवाशाला पोचला होता. नणंदेचा अंगठाही आला होता.

"सुटले बाई," अश्विनी म्हणाली. "दिवसभर आपलं अश्विनी, अश्विनी! आता हाक मारली की सांगायचं, बेल आहे ना, बेल दाबा."

तेवढ्यात मामांच्या खोलीतून आवाज आला, "अश्विनी, वाईच पानी—"

"मामा, बेल!" मोबाईलमधून मानही वर न करता ती ओरडली.

"व्हय की! इसरलोच बघ."

टक.

सुमैराने नळ बंद केला.

टक. जरा वेळानं, अगदी संकोचून, आणखी एकदा. टक.