लाखातली एक वाट

इंदापूर तालुक्यात रुग्णवाहिका झटपट मिळावी म्हणून बारामतीच्या माधवने ॲप बनवलं होतं. चाळीस जणांनी महिनाभर वापरलं, चूक सापडली नाही. उद्घाटन उद्यावर आलं होतं. तरी सहकारी मेहरीनने ॲपमध्ये कशानंतर काय घडू शकतं याचा आराखडा मांडून संगणकाला त्यातली प्रत्येक वाट तपासायला लावली. लाखभर वाटांत एक चुकीची निघाली. “सर, गाडी मागवताना आलेला फोन कापून पुन्हा बटण दाबलं, तर ‘गाडी निघाली’ दिसतं, पण ड्रायव्हरला निरोप जातच नाही.” “असं कोण करतंय?” माधव हसला. “ज्याच्या घरचं माणूस तडफडतंय, तो,” मेहरीन म्हणाली. माधवने तसंच करून पाहिलं. पडद्यावर ‘गाडी निघाली’ उमटलं. शेजारी बसलेले रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर लियाकतभाई आपला फोन पाहून म्हणाले, “माझ्याकडं कायबी आलं न्हाय.” माधवने लगेच इंदापूरच्या आयोजकांना कळवलं, “उद्घाटन पुढं ढकला. अन् नारळ मेहरीनच फोडंल.”