तार टोकापर्यंत

"बाबा, आता?" सुनेने फोनमध्ये विचारलं.

"दिवा लागला... गेला. परत लागला," तळमजल्यावरून सासरे म्हणाले. दवाखान्यातल्या संगणकांच्या सगळ्या केबली ज्या स्विचच्या खोक्याला येऊन मिळतात, त्याच्यासमोर ते उभे होते. ती वर, एक्स-रेच्या खोलीत टेबलाखाली आडवी झाली होती. फोन शेजारी फरशीवर, स्पीकर चालू.

एक्स-रेवाला कमरेवर हात ठेवून दारातच उभा होता. "सकाळपासून फोटो पेनड्राइव्हमध्ये घालून खाली धावतोय. तुमची केबल मीच झालोय! आज जमलं नाही तर मोठे डॉक्टर दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार आहेत. कायमचं."

"होतंय दादा," ती टेबलाखालून म्हणाली.

सासऱ्यांनी खाली केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहिली होती. तेच रडगाणं. मग जुन्या पोर्टला आपला लॅपटॉप लावला, तर दिवा लागला तो लागलाच. म्हणजे स्विच ठणठणीत होता. दुखणं केबलमध्ये होतं.

"भिंतीत उंदराने कुरतडली असणार," सासरे म्हणाले. "भिंत उघडावी लागेल."

"थांबा जरा."

तिने केबलच्या टोकाचा प्लग काढला आणि टॉर्चच्या उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकच्या आत तारा ओळीने टोकाला भिडल्या होत्या. फक्त हिरवी मध्येच थांबली होती. आतल्या पितळी पट्टीला जेमतेम शिवत होती, धक्का लागला की सुटत होती.

हा प्लग सासऱ्यांनी गेल्याच आठवड्यात बसवला होता. ती या घरात आणि या कामात नवी होती तेव्हा केसाएवढी तार कमी पडली तरी ते प्लग कापायला लावायचे. "टोकापर्यंत म्हणजे टोकापर्यंत," म्हणायचे, आणि तिला रडू आलं की चहा करून आणायचे.

ती प्लगकडे बघत राहिली.

"काय गं, गप्प का झालीस?"

"काही नाही. टेबल सरकवताना प्लग ओढला गेला असेल. नवा बसवते."

तिने तो कापून खिशात टाकला. तारा सरळ केल्या, नव्या प्लगमध्ये सारल्या, पक्कड दाबली.

"आता?"

फोनमधून दहापर्यंत मोजल्याचा आवाज आला. मग सासरे म्हणाले, "टिकला."

एक्स-रेवाल्याने बटण दाबलं, खाली डॉक्टरांना फोन लावला आणि पहिल्यांदाच हसला. "फोटो पोचला म्हणतायत. सुटलो बुवा!"

ती खाली आली तेव्हा सासऱ्यांनी सामान भरून ठेवलं होतं. त्यांनी हात पुढे केला. "दे."

"काय?"

"कापलेला प्लग."

तिने खिशातून काढून दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, प्लग डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. शेवटी तिच्याकडे बघितलं. "कुठली राहिली?"

"हिरवी."

"मला दिसत नाही."

तिने पक्कड पिशवीत टाकली.

"आणि तुला खोटंही धड बोलता येत नाही," ते म्हणाले. "टेबल सरकवताना म्हणे! ते टेबल भिंतीत ठोकलेलं आहे. मीच ठोकलंय."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने नाक ओढलं. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ या, बाबा."

"जाऊ. पण तूच चल. तुझ्या नवऱ्याला आणू नकोस. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बत्ती मारली, की तोच आधी रडायला लागेल."

सामानाची पिशवी तिने उचलली. त्यांनी ती परत मागितली नाही. दोघं बाहेर आले. दुपारचं ऊन पायऱ्यांवर पसरलं होतं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पायरी आहे, बाबा."

"दिसतेय मला," ते म्हणाले, आणि हात तसाच राहू दिला.