कारण: सॉफ्टवेअर

"काका, 'सॉफ्टवेअर'च्या शंभर नोंदी भरल्या," ती म्हणाली. "आता तरी वेगळा विभाग उघडू या."

लिफ्ट मेकॅनिक काकांनी चहाचा कप खाली ठेवला. इमारतीच्या तळमजल्यावरची ही देखभालीची खोली दोघांचीच. ती त्यांच्या कामावरच्या जोडीदाराची मुलगी. सहा वर्षांपूर्वी तो याच इमारतीत, लिफ्टच्या टपावर काम करताना गेला. शिक्षण संपलं तशी ती त्याच्या जागी लागली. लिफ्टवाल्यांचा बिघाड नोंदवायचा एक ऑनलाइन फोरमही दोघं मिळून सांभाळत. दोर, दारं, मोटर असे त्याचे विभाग होते आणि उरलेलं सगळं 'इतर'मध्ये जायचं. 'इतर'मध्ये एकाच कारणाच्या शंभर नोंदी साठल्या की त्या कारणाला स्वतःचा विभाग द्यायचा, हा नियम काकांनीच घातलेला.

"घाई कसली?" काका म्हणाले. "कारण सापडलं नाही की आपली माणसं 'सॉफ्टवेअर' लिहून मोकळी होतात. त्या बिचाऱ्याला तोंड आहे का उलट बोलायला?"

"म्हणूनच तर. सगळ्या नोंदी एका जागी आल्या की कळेल तरी भानगड काय आहे. हे ऐका." तिने वाचायला घेतलं. "'रिकामी केबिन आपोआप येऊन थांबते. बटण कोणी दाबलेलं नाही. वजन दाखवते चौपन्न किलो.' ही दुसरी. 'रिकामी केबिन, एक्याऐंशी किलो. सेन्सर बदलला, तरी एक्याऐंशीच.' आणि ही, बावीस किलो." तिने मान वर केली. "बावीस म्हणजे काय हो, काका? पहिली-दुसरीतलं पोर."

"सेन्सर बिघडला की काहीही दाखवतो."

"काहीही दाखवेल ना! रोज तेच कसं दाखवेल?"

काकांनी भिंतीवरच्या पॅनेलकडे बघायचं टाळलं. महिनाभर त्यांची स्वतःची लिफ्ट दुपारी याच सुमाराला चौथ्या मजल्यावर जाऊन उभी राहत होती. आतासुद्धा उभी होती. केबिन रिकामी, वजन एकाहत्तर किलो. हत्यारांच्या पिशवीसकट जोडीदार किती भरायचा, ते काकांना चांगलंच ठाऊक होतं.

"आपलीही टाका की," ती म्हणाली. "एकशे एकावी."

"पुढच्या महिन्यात बघू."

"तुमचाच नियम, आणि तुम्हीच पाय मागे घेताय?"

काका काय सांगणार, कपाळ! विभाग उघडला की जुन्या नोंदी तारखेप्रमाणे लागणार, आणि सगळ्यात वर त्यांचीच येणार. ती नोंद या पोरीने आजवर वाचली नव्हती. तेवढ्यासाठी तर त्यांनी वर्षभर चालढकल केली होती. आणखी वर्षभर करायचीही त्यांची तयारी होती.

पण तिने बटण दाबलंसुद्धा. नोंदी भराभरा नव्या विभागात आल्या. तिने पहिली उघडली.

"'चौथा मजला. माणूस टपावर असताना केबिन अचानक वर गेली. कारण: सॉफ्टवेअर.'" तिचा आवाज खाली आला. "काका, ही बाबांची."

"हो."

"आईलाही तुम्ही हेच सांगितलं होतं."

ती पडद्याकडे बघत राहिली. एखादी मोटर उघडून पाहावी, तशी शांतपणे.

"ही लिफ्ट बाबा गेल्यावर बसली. तेव्हाची जुनी होती. तिचं इथे पडून असलेलं पॅनेल मी माझ्या हातांनी भंगारात दिलंय. नुसत्या तारा आणि रिले. चिप औषधालाही नव्हती." तिने मान वळवली. "मग सॉफ्टवेअर आलं कुठून?"

सहा वर्षं काकांनी या प्रश्नाची उत्तरं जुळवून ठेवली होती. ती सगळी त्यांनी बाजूला ठेवली.

"मेन स्विच चालू करण्याआधी वर आवाज द्यायचा," ते शेवटी म्हणाले. "वरून 'हो' आलं की मगच हात लावायचा. मला हे शिकवलं तुझ्या बाबानेच."

"मग? दिला नाहीत आवाज?"

"दिला. 'हो' यायची वाट नाही पाहिली. मला घरी जायची घाई होती गं, दुसरं काही नाही."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. आता ही ओरडेल, कप फेकून मारेल, असं काकांना वाटलं. मारला असता तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात वर, खूप वर, लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला. पॅनेलवरचा आकडा एकाहत्तरवरून सरळ शून्यावर उतरला.

तिने तो शून्य पाहिला. मग तिने बाहीने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"तुमची नोंद तुम्ही दुरुस्त करा. आज. आणि आईला सांगायला तुम्हीच यायचं."

"येतो," काका म्हणाले. "आणि हा विभाग? बंद करून टाकू?"

"बंद कशाला? अजून नव्याण्णव आहेत."

तिने दुसऱ्या क्रमांकाची नोंद उघडली. लिहिणारा कुठल्याशा लांबच्या शहरातला, दोघांनीही कधी न पाहिलेला. नोंदीखाली तिने एवढंच लिहिलं: 'तुमच्याकडे कोण होतं?'

पलीकडचा माणूस काहीतरी लिहितोय, अशी खूण लगेच उमटली. मग विझली. मग पुन्हा उमटली.