एक्केचाळिसावं घर

कुकरची शिट्टी झाली, तशी मंजुश्री दचकली. लेक मैत्री झोपेत चुळबुळली.

लॅपटॉपवर उत्तर ध्रुवाजवळच्या एका बर्फाळ गावाचा फोटो होता. तिथल्या विकास आराखड्यासाठी मंजुश्री आपल्या गावी, उंद्रीत बसून घरांवर खुणा करत होती. काम तिसऱ्यांदा परत आलं होतं.

"चाळीसच घरं हायेत ताई," काम देणारी शाहीन चिखलीहून फोनवर म्हणाली. "आता चुकलं तर दुसरीले देतो."

वैतागून मंजुश्रीनं पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. शेवटचं घर मोठं करून पाहिलं. दारातल्या दोरीवर तिनंच शिवलेली मैत्रीची गोधडी होती.

तिनं घाईघाईनं ती खूण पुसली.

मागं अंथरूण रिकामं होतं. अंगणात, वैशाखाच्या उन्हात, दोरीवरची गोधडी गोठून फळीसारखी ताठ, पांढरी झाली होती.

"मम्मी, माहा हात गोधडीले काऊन चिकटून राह्यला?"