निर्णायक मत

“माझ्या कुंपणापाशी तुमचा पोरगा काय मोजत फिरतो, ते आधी सांगा!”

रेन्झो तोमासिन बेलाराच्या सभागृहात महापौरांवर ओरडला. नागरिकांनी बोलायची वेळ होती, आणि त्याला ती गोडीगुलाबीत घालवायची नव्हती. त्याच्या सफरचंदांच्या बागेला खेटून दगडाची खाण होऊ घातली होती. मोहोरावर खाणीची धूळ बसली की फळ धरत नाही, हे काय कुणी सांगायला हवं? बाग बापानं इटलीहून येऊन, धोंडे उचलून लावलेली. ती गेली तर या वयात दुसरं काय करणार होता तो?

नगरसभेतले चार सभासद खाणीच्या बाजूचे, चार विरुद्ध. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. मतदान आजच होतं. ठरवणार होत्या त्या महापौर ग्लेनिस हार्किन, आणि ही बाई पोटातलं ओठावर येऊ देत नव्हती. बेकरीत रेन्झोनं खाणीचा विषय काढला, तर ही पावसावर बोलायला लागली. त्यानं निवडून पेटीभर सफरचंदं पाठवली, तर पेटी जशीच्या तशी परत! दुसरीकडून पोट भरलं असेल तरच माणूस असं करतो, हे रेन्झोचं गणित. त्यात तिचा मुलगा रॉस. बागेच्या पार टोकाला, निलगिरींच्या आडोशाला तो घुटमळताना दोनदा दिसला होता. हाक मारली तर गडी गाडीत बसून पसार. खाणवाल्यांसाठी टेहळणी, दुसरं काय?

“पपा, तुम्हाला ना, प्रत्येक झाडामागे भूत दिसतं,” असं त्याची मुलगी लिडिया म्हणाली होती. पोरीला जगाचा अनुभव कुठला, म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नाही.

ग्लेनिसनं चष्मा काढला. “मला यातलं काहीच माहीत नाही, रेन्झो. काय रे रॉस, काय भानगड आहे?”

मागच्या रांगेतला रॉस कानापर्यंत लाल झाला. पण उभी राहिली ती त्याच्या शेजारची लिडिया.

“पपा, बसा आता खाली. तो मला भेटायला येतो. नोव्हेंबरात लग्न करतोय आम्ही. रविवारी जेवताना सांगणार होतो सगळ्यांना.”

कुणीतरी शिट्टी मारली. सगळे हसले. रेन्झोही ओशाळून हसला. त्याच्या छातीवरचं ओझंच उतरलं. म्हणजे बाई विकली गेलेली नव्हती तर!

ग्लेनिस मात्र हसली नाही. तिनं समोरचे कागद नीट लावून ठेवले.

“घरचा संबंध निघाला की महापौरानं त्या विषयावर मत द्यायचं नसतं, खोलीतही थांबायचं नसतं. मर्व्ह, तुम्ही या खुर्चीवर.”

उपमहापौर मर्व्ह डॉकरी म्हणजे खाणीच्या चौघांचा म्होरक्या. बरोबरी झाली की खुर्चीतल्या माणसाला आणखी एक मत देता येतं, हे त्याला चांगलंच पाठ होतं. तो लगबगीनं येऊन बसला.

दाराकडे जाताना ग्लेनिस रेन्झोपाशी क्षणभर थांबली.

“तुमच्याच बाजूनं हात वर करणार होते हो, व्याही.”