तयार उत्तर

घास तोंडात जायच्या आधीच निरंजन म्हणाला, "आमटी फक्कड झालीय."

शर्वाणीने डाव खाली ठेवला. आज तिने आमटीत मुद्दाम मीठ घातलं नव्हतं.

"कानामागच्या चिपची सेटिंग बदललीस ना?"

निरंजन ओशाळला. "अगं, काहीही विचारलं की ती डोक्यातल्या सगळ्या आठवणी धुंडाळत बसायची. मी गप्प, आणि समोरचे हसायचे. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदाच काढून साठवली."

"कधी?"

"दिवाळीत."

"आणि नंतर ताजी केलीस?"

"ते राहिलंच."

डेटाबेस सांभाळणं हा शर्वाणीचा रोजचा धंदा होता. साठवलेला व्ह्यू, म्हणजे एकदाच काढून ठेवलेला निकाल, झटकन उत्तर देतो, पण साठवल्या दिवसाच्या पुढचं त्याला काही ठाऊक नसतं, हे ती कंपनीत नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावायची.

"बायको कशी आहे तुझी?" तिने विचारलं.

"मजेत!" तो क्षणात म्हणाला.

शर्वाणीचे वडील संक्रांतीला गेले होते. निरंजनने स्वतः खांदा दिला होता.

ती उठली, त्याच्या कानामागचं बटण दाबून तिने साठवण पुसून टाकली आणि समोर येऊन बसली. "आता सांग. कितीही वेळ लागू दे."

खूप वेळ लागला. आमटी निवली. निरंजनचे डोळे हळूहळू भरून आले.

"शरू, बाबा गेल्यापासून तू धड जेवलेली नाहीस."

मग त्याने घास घेतला.

"आणि आमटी अळणी आहे."

शर्वाणीने मीठ आणलं आणि स्वतःचंही ताट वाढून घेतलं.