बंदरापर्यंत सोडायला

जहाज कुणासाठी थांबत नसतं, म्हणून थंडीच्या दिवसांत आदल्या दिवशीच बंदर गाठलेलं बरं, हे ट्रॅव्हल एजन्सीतल्या मुलीने काका-काकूंना दुसऱ्यांदा समजावलं. राहायला बंदरासमोरच हॉटेल होतं. प्रश्न एवढाच, तिथवर जायचं कसं आणि जहाजाची सहल संपल्यावर घरी यायचं कसं.

मुलीने ट्रेन सुचवली. काकू म्हणाल्या, बर्फ पडला की ट्रेन वाटेतच अडकते. मग एजन्सीची बस. बसमध्ये काकूंना मळमळतं. मुलगी बिचारी एकेक वाट दाखवत होती आणि काकू प्रत्येक वाटेत काटे पसरत होत्या.

"अगं, एवढा खल कशाला?" काका म्हणाले. "मी नेतो ना गाडी. बंदरावर ठेवू, येताना घेऊन येऊ."

काकांनी उभी हयात रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवली होती. लोक पांघरुणात शिरायचे तेव्हा त्यांची ड्युटी सुरू व्हायची. बंदराचा रस्ता त्यांना वळणावळणासकट पाठ होता.

"यांना हल्ली बर्फात दिसत नाही," काकू मुलीला म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि बायकोने म्हणावं, तेही परक्या मुलीसमोर? राग आलाच, त्याहून जास्त वाईट वाटलं.

काकू पुढे बोलतच होत्या. थोरल्या मुलाची गाडी मोठी आहे, तो सोडेल. पण बर्फातला एवढा लांबचा रस्ता एकट्याने चालवायचा नाही, धाकट्याला सोबत घ्यायचं. आम्हाला उतरवून दोघं परत जातील आणि आणायलाही दोघंच येतील.

थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलेनासे झाल्याला दोन हिवाळे उलटले होते. एकाला जेवायला बोलावलं की दुसऱ्याला नेमकं काम निघायचं. काका बायकोकडे बघत राहिले. उन्हाळ्यापासून जहाज जहाज करून या बाईने डोकं का खाल्लं, ते आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

"वाटेत भांडले तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"भांडू देत. त्यासाठी तरी तोंड उघडतील."

काकांनी फोन काढला. थोरल्याला नवल वाटलं. बाबा असताना गाडी चालवायला आपण कशाला, असं त्याने विचारलं. काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं.

"मला हल्ली बर्फात दिसत नाही रे."

मग तो येतो म्हणाला. धाकटाही बरोबर असेल, हे ऐकून कुरकुरला, पण नाही म्हणाला नाही. धाकट्याला फोन लावला तेव्हा काकांना तेच वाक्य जरा सोपं गेलं. तोही कुरकुरत का होईना, तयार झाला.

मुलीने सगळं टिपून घेतलं आणि जहाजावरची खोली कशी हवी ते विचारलं. काकू म्हणाल्या, बिनखिडकीची चालेल, समुद्रात काय बघायचंय.

"खिडकीची द्या," काका म्हणाले. "बर्फातच काय ते दिसत नाही. समुद्र दिसतो मला."